जाड चामड्यावर रोटरी कटर चालेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी दादरला घरीच पाकिटं, चष्म्याची कव्हरं शिवते. धारावीतून बकरीचं चामडं आणते, जेमतेम १ मिमी जाडीचं. त्यावर ४५ मिमी व्यासाच्या गोल, फिरत्या पात्याचा रोटरी कटर सुरेख चालतो. रापीने, म्हणजे चांभाराच्या चामडं कापायच्या हत्याराने, मऊ चामडं ओढलं जाऊन ताणतं, कटरखाली ते जागचं हलत नाही, म्हणून माझा त्याच्यावर फार जीव.

आता भाच्यासाठी कमरेचा पट्टा करायचाय, म्हशीचं ३ मिमी चामडं घेतलंय. तुकड्यावर करून बघितलं, तर तीनदा फिरवूनही खालचा थर सुटत नाही. दुसऱ्या फेरीत पातं आधीची रेघ सोडतं आणि कडेला पायरी पडते. शिवाय दर १४ सेंटीमीटरवर तीळभर जागा न कापताच राहते. पात्याचा घेर तेवढाच, म्हणजे धारेला खाच पडली असणार, ते बदलतेच.

पण नव्या पात्याने ३ मिमी निघेल का? ६० मिमीचा कटर घ्यावा, की जाड चामड्याला रापीच बरी? पट्ट्याचं गोल टोक तुम्ही कशाने कापता? खाली मॅट आहे, स्टीलची पट्टीही आहे, तरी जोर लावताना ती निसटते आणि बोटांची भीती वाटते. पट्टी घट्ट कशी धरता, तेही सांगा. मोठा तुकडा अजून कापलेला नाही.