मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यानंतर भावाला उजव्या कानाने कमी ऐकू येते (ठाणे)

नमस्कार. पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ खड्ड्यामुळे दुचाकीवरून पडला. हेल्मेटचा पट्टा लावलेला नसल्याने ते आधीच निघून गेले आणि डोक्याची उजवी बाजू रस्त्यावर आपटली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव आढळला नाही, मात्र कानाभोवतीच्या हाडाला, म्हणजे टेम्पोरल बोनला, लांबीच्या दिशेने तडा गेल्याचे आले. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याची उत्तम काळजी घेतली. परंतु त्या धावपळीत कान आणि नाक यांची स्वतंत्र तपासणी राहूनच गेली.

पहिल्या रात्री कानातून रक्त येत होते. उशीच्या अभ्र्यावर मधोमध लाल आणि भोवती फिकट, पाणेरी कडे असलेला डाग दिसला. मेंदूभोवतीचे पाणी झिरपत असावे, असे सांगून सिस्टरनी खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली आणि कानात बोळा किंवा थेंब घालायचे नाहीत, नाक शिंकरायचे नाही, अशी ताकीद दिली. ते झिरपणे पुढे आपोआप थांबले. नंतर मात्र तोंड डावीकडे ओढले जाऊ लागले आणि उजवा डोळा पूर्ण मिटेना. गोळ्यांनी त्यात बरीच सुधारणा आहे.

आता तो घरी असून कामावर जाण्याची घाई करतो आहे, पण उजव्या कानाला फोन लावला की समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो, अंथरुणात उजव्या कुशीवर वळताच खोली गरगर फिरते आणि शेजारी दूध करपले तरी त्याला वास येत नाही. ही तिन्ही लक्षणे एकाच दुखापतीची असू शकतात का, आणि ऐकण्याची तपासणी लगेच करावी की थांबावे, हे कृपया कोणी जाणकारांनी सांगावे. आई फार धास्तावली आहे.

प्रतिसाद:

ताई, मी वाशीत कान-नाक-घसा विभागात काम करते. तिन्ही लक्षणे एकाच आघाताची असू शकतात. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आताच करून घ्या. लांबीच्या तड्यात बहुधा कानाच्या पडद्यामागे रक्त साचते आणि ते साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरते; त्यानंतरही ऐकू कमी येत राहिले, तर मधल्या कानातील तीन नाजूक हाडांची साखळी निखळली असण्याची शक्यता असते आणि ती बहुधा शस्त्रक्रियेने जोडता येते. नुकसान आतल्या कानाचे असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून हे दोन प्रकार वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे. टेम्पोरल बोनचा एचआरसीटी (अधिक बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन) झाला नसल्यास त्याविषयी विचारा.

कूस बदलताना येणारी चक्कर बहुतेक वेळा आतल्या कानातील कण जागचे हलल्यामुळे येते. डोके ठरावीक क्रमाने फिरवून ती बरी करता येते, मात्र मानेला इजा नाही याची खात्री झाल्याशिवाय घरी व्हिडिओ पाहून हे करू नका. चेहऱ्याचा लकवा लगेच न येता उशिरा आला, ही त्यातल्या त्यात चांगली बाब आहे. डोळा पूर्ण मिटेपर्यंत दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम लावून पट्टी ठेवा. वास परतायला महिने लागतात आणि काहींचा परतत नाही, त्यामुळे तोवर गॅसची गळती व शिळे अन्न ओळखण्याची जबाबदारी घरातल्या इतरांनी घ्यावी.

वाकल्यावर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखे स्वच्छ थेंब पडले, घशात खारट चव आली, ताप येऊन मान आखडली किंवा तो गुंगीत जाऊ लागला, तर ओपीडीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्या. झिरपण थांबल्यानंतरही मेंदूज्वराचा धोका काही काळ राहतो. खर्चाची अडचण असल्यास कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. जाताना सीटीची फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही सोबत घ्या.