उष्ण आणि दमट हवेत कमी देखभालीची लाल फुलझाडे कोणती निवडावीत?

प्रश्न

घराच्या कुंपणभिंतीलगत साधारण ६ मीटर लांब आणि १ मीटर रुंद अशी जमिनीची पट्टी रिकामी आहे. तिच्या निम्म्या भागावर रोज ५ ते ६ तास थेट ऊन येते, तर उरलेला भाग एका मोठ्या झाडाच्या सावलीत असतो. आमच्याकडची हवा वर्षभर उष्ण आणि दमट असते. पावसाळ्यात तर पाने दिवसचे दिवस ओलीच राहतात. मला तेथे लाल फुलेच हवी आहेत, गुलाबी किंवा नारिंगीकडे झुकणारी नकोत. पूर्वी गुलाब लावले होते, परंतु पानांवर काळे ठिपके पडून ती गळत गेली आणि झाडे हळूहळू मेली. सदाफुली उन्हाळाभर सुरेख फुलली आणि पहिल्या मोठ्या झडीनंतर बुंध्याशी कुजली. पंधरवड्यातून तासाभरापेक्षा अधिक वेळ मला देता येत नाही. घरात लहान मूल आणि कुत्रा आहे, म्हणून विषारी झाडे नकोत. कोणती झाडे निवडावीत?

पहिले उत्तर

आपली दोन्ही झाडे कशाने गेली हे आधी पाहिले, तर निवड सोपी होईल. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांची बुरशी पान सलग काही तास ओले राहिले की रुजते, आणि सदाफुलीची मुळे पाणी साचलेल्या मातीत कुजतात. कोरड्या हवेत कमी कष्टाचे झाड म्हणजे कमी पाणी मागणारे झाड. दमट हवेत मात्र ओल्या पानांनी आणि ओल्या मुळांनी आजारी न पडणारे झाड शोधावे लागते. या झाडांच्या दोन निरनिराळ्या याद्या आहेत, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते.

उन्हाच्या भागासाठी मी निःशंकपणे एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंद सुचवीन. मोठ्या, दुहेरी फुलांच्या संकरित जाती दिसायला मोहक असल्या, तरी त्या नाजूक असतात. जुनी साधी लाल जास्वंद त्यांच्यापेक्षा कितीतरी काटक आहे. तिचे फूल बहुधा एकच दिवस टिकते, पण कळ्या नव्या फुटीवर येत असल्यामुळे वर्षातून एकदा, जोमदार वाढ सुरू होण्याआधी, फांद्या एक तृतीयांशाने छाटल्या की पुढे फुले येत राहतात. कळ्या न उमलताच गळू लागल्या, तर आधी पाण्याचा ताण पडला आहे का ते पाहावे आणि मग एखादी कळी उघडून आत कीड आहे का ते तपासावे. तिचा खरा शत्रू पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची ये-जा दिसली, की पानांच्या बगलेत पांढरा कापसासारखा थर शोधावा, कारण ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि फारच माखलेले शेंडे कापून टाकली, तर बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही.

तिचीच एक नातेवाईक, मिरची जास्वंद, माझ्या मते आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आहे. तिची लाल फुले कधीच पूर्ण उमलत नाहीत, मिरचीसारखी मिटलेली लोंबत राहतात. ती अर्ध्या सावलीतही फुलते, त्यामुळे ऊन आणि सावली जेथे मिळतात ती अवघड जागा तिला द्यावी. फुलांतील मधासाठी लहान पक्षी तिच्याकडे आवर्जून येतात, हा आनंद वेगळाच.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु पेंटगुळ, म्हणजे एक्झोरा, राहून गेला याचे आश्चर्य वाटले. लाल फुलांचे भरगच्च गुच्छ धरणारे हे झुडूप दमट हवेत फार रमते, आणि बुटकी जात घेतली तर छाटणी जवळजवळ लागतच नाही. गुच्छ फांदीच्या टोकाला येत असल्यामुळे कुंपणासारखी सतत कात्री फिरवली, तर आपण येणारी फुलेच कापत असतो.

आपल्या जागेत एक अडचण मात्र आहे. एक्झोराला किंचित आम्लधर्मी माती लागते, आणि भिंतीच्या सिमेंटातून व चुन्यातून उतरणाऱ्या क्षारांमुळे पायथ्याची माती अल्कधर्मी होत जाते. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे पाहून पुष्कळ जण खताचा मारा करतात, पण दुखणे भुकेचे नसते. झाड भिंतीपासून शक्य तितके दूर लावावे आणि खड्ड्यात भरपूर कुजलेले पालापाचोळ्याचे खत मिसळावे. तरीही पिवळेपणा आलाच, तर चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, द्यावे.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

दोघांचेही आभार. एक गोष्ट सांगायची राहिली: उन्हाच्या भागाचे टोक उताराला असल्यामुळे मोठ्या पावसानंतर तेथे दोन दिवस पाणी साचून राहते. तेथे जास्वंद जगेल का? आणि सावलीच्या भागाचे काय करावे?

तिसरे उत्तर

साचलेल्या पाण्यात जास्वंद लावू नये. त्या टोकाला लाल कर्दळ लावावी, कारण ओलीत तिचे कंद कुजण्याऐवजी उलट फोफावतात. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापणे एवढेच तिचे नित्याचे काम. पाने गुंडाळून आत राहणारी अळी दिसली, तर ते पान तोडून नष्ट करावे.

सावलीत लाल अल्पिनिया हे शोभेचे आले लावावे. त्याचा लाल भाग म्हणजे खरे फूल नसून रंगीत पुष्पपत्रे, म्हणजे फुलांलगतची पाने, असतात, म्हणूनच तो आठवडेच्या आठवडे टिकतो. खरी फुले लहान आणि पांढरी असून त्या पत्रांच्या आडून डोकावतात. मोठ्या झाडाची मुळे त्याचे पाणी ओढतील, यासाठी पाचोळ्याचे ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन घालावे, मात्र ते खोडांना टेकू देऊ नये. हेलिकोनिया तितकेच देखणे असले, तरी त्याच्या अनेक जाती इतक्या पसरतात की १ मीटर रुंदीच्या पट्टीत त्यांना आवरण्यातच आपला तास संपेल.

मुलासाठी आणि कुत्र्यासाठी कण्हेर पूर्णपणे टाळावी, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. काटेरी युफोर्बियाचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असतो, तर अँथुरियम चावल्यास तोंडाची आग होते. सदाफुलीही पोटात गेल्यास विषारी आहे, त्यामुळे ती परत लावू नये.

रंगाविषयी आपला आग्रह पक्का असल्यास प्रत्येक रोप फुललेले पाहूनच घ्यावे. जास्वंद, एक्झोरा आणि कर्दळ या तिन्हींत गुलाबी, पिवळ्या व नारिंगी जाती आहेत आणि केवळ पानांवरून त्या ओळखता येत नाहीत.