आठवड्याच्या स्वयंपाकाची आखणी बुधवारनंतर का मोडते?

तुळशीवृंदावन (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर पाच माणसांचे आहे. आम्ही दोघे, नववीत आणि पाचवीत शिकणाऱ्या दोन मुली आणि सासूबाई. मी डोंबिवलीहून सकाळी ७.३८ च्या गाडीने निघते आणि घरी परतेपर्यंत संध्याकाळचे पावणेआठ होतात. यजमानांची पाळी आठवड्याआड बदलते. सकाळी चार डबे भरायचे असतात आणि सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे रात्री त्यांच्यासाठी भाताऐवजी ज्वारीची भाकरी करावी लागते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हा मी एका रविवारी बसून आठवड्याचा तक्ता केला आणि फ्रिजच्या दारावर लावला. सोमवारी फ्लॉवर-बटाटा, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी लाल भोपळा, गुरुवारी मेथी, असा तो क्रम होता. पहिल्या आठवड्यात बुधवारपर्यंत सगळे सुरळीत चालले. गुरुवारी पहाटे मेथीची जुडी सोडली, तर आतली पाने पिवळी पडून देठांना चिकटलेली होती. ती टाकून घाईघाईने बटाट्याच्या काचऱ्या केल्या आणि शुक्रवारीही पुन्हा बटाटाच झाला. दुसऱ्या आठवड्यात मटकी भिजवायचीच राहून गेली. तिसऱ्या आठवड्यात मी तो तक्ता काढून ठेवला.

मला पाककृती नको आहेत; रोजचा स्वयंपाक मला येतो. नोकरी करणाऱ्या घरात आखणी महिनोन्महिने टिकते कशी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. रात्री जेवणे आटोपून ओटा पुसताना ‘उद्या काय करायचे’ हा प्रश्न डोक्यात आला की मला अक्षरशः थकवा येतो, स्वयंपाकाने येतो त्यापेक्षा जास्त.

माजघर

तुमचा तक्ता तुमच्या आळसामुळे मोडला नाही, हे आधी सांगते. त्यात पदार्थ होते, पण भाजीचा स्वभाव आणि आदल्या रात्रीचे काम या दोन्ही गोष्टी नव्हत्या. मी बत्तीस वर्षे शाळेत नोकरी करून घर सांभाळले आणि अशीच फसत फसत शिकले.

रविवारी बाजार केलात, तर आठवड्याचा क्रम भाजीनेच ठरवू द्यावा. मेथी, पालक, चुका, कोथिंबीर या दोन दिवसांच्या पाहुण्या असतात, म्हणून पालेभाजी सोमवारी किंवा फार तर मंगळवारी करावी. भेंडी, गवार, वांगी बुधवारपर्यंत थांबतात. कोबी, गाजर, दुधी, लाल भोपळा यांना गुरुवार-शुक्रवार द्यावा. न कापलेला भोपळा तर कित्येक आठवडे नुसता कोपऱ्यात राहतो. तुमचा भोपळा बुधवारी आणि मेथी गुरुवारी होती, नेमके उलटे. पालेभाजी निवडून ठेवायची असेल तर धुऊ नये. निवडलेली पाने जुन्या सुती पंचात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि करायच्या वेळीच धुवावीत. ओली पाने पिशवीत कोंडली की कुजतात. निवडण्याचे काम सासूबाईंना बसून जमण्यासारखे असेल तर त्यांना जरूर विचारा. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेंगा सोलत असत आणि घरच्या कामात आपला वाटा आहे याचे त्यांना समाधान असे.

दुसरी गोष्ट, तक्त्यात ‘मंगळवार: मटकी’ असे लिहू नये. ‘रविवारी रात्री मटकी भिजवणे, सोमवारी सकाळी उपसून बांधणे’ असे लिहावे, कारण आपण विसरतो ते नेमके हेच काम. मटकी ८ ते १० तास भिजली की पाणी काढून फडक्यात बांधावी; उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड दिसतात, आत्ताच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो आणि पुरचुंडी ओट्यावर ठेवण्यापेक्षा झाकण लावलेल्या डब्यात उबेला ठेवावी लागते. मोड आलेले धान्य फ्रिजमध्ये तीन दिवस उत्तम राहते. म्हणून मी अर्धा किलो मटकी एकदमच भिजवत असे. एकदा उसळ होई, उरलेल्या मोडांची दोन दिवसांनी कांदा-टोमॅटो घालून सकाळची न्याहारी किंवा मसालेभात होई. एकाच कामातून दोन दिवस सुटतात.

कुकरचेही तसेच आहे. खालच्या डब्यात तूरडाळ, मध्ये भात आणि वरच्या डब्यात दोन बटाटे किंवा भोपळ्याच्या फोडी लावाव्यात. डाळ जरा जास्त शिजवून, फोडणी न देता, निम्मी बाजूला काढावी आणि गार होताच फ्रिजमध्ये ठेवावी. त्या रात्री साधे वरण करा. दुसऱ्या दिवशी तीच डाळ चिंच, गूळ, गोडा मसाला घालून आमटी होते आणि मुलींना शिळे खाल्ल्यासारखे मुळीच वाटत नाही.

आठवड्यातली एक रात्र मात्र मोकळी सोडावी. आमच्याकडे ती शुक्रवारची असे. त्या दिवशी पिठले-भाकरी किंवा भाजणीचे थालीपीठ आणि ताक, एवढेच. घरात बेसन, भाजणी आणि दाण्याचा कूट असला की चुकलेली आखणी त्या रात्री सावरता येते.

गुहागरकर

माजघर ताईंनी भाजीचा क्रम उत्तम सांगितला आहे. मी पोळ्यांविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही आणि सकाळचा सगळ्यात मोठा वेळ त्यांतच जातो. पाच माणसांना दोन वेळच्या मिळून वीस तरी पोळ्या लागतात. एक किलो कणकेत साधारण ३० ते ३२ पोळ्या होतात, म्हणजे आठवड्याला चार-साडेचार किलो कणीक मळणे, लाटणे, भाजणे आले. हा भार एका माणसाने पहाटे पाचला उठून उचलावा, असे मला अजिबात वाटत नाही.

आमच्याकडे दोघेही नोकरी करतो. रात्री कणीक मी मळतो, तिला वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. तेल न लावता उघडी राहिली तर ती काळपट पडते. ती दुसऱ्या सकाळीच संपवायची, पुढे ढकलायची नाही. सकाळी एकाने लाटायचे आणि दुसऱ्याने भाजायचे, म्हणजे दहा पोळ्या वीस मिनिटांत होतात. यजमानांची सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात हे जमणार नाही, तेव्हा डब्याच्या पोळ्या सरळ पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात. तुमच्या डोंबिवलीत अशी केंद्रे गल्लोगल्ली आहेत. यात कमीपणा मानू नये. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. तेव्हाही ज्याला घरी रांधणे शक्य नव्हते तो दुसऱ्या घरच्या चुलीवर विश्वास ठेवूनच जेवत होता. आपल्या पोळ्यांमुळे शेजारच्या एखाद्या ताईंचे घर चालत असेल तर ती मला चांगलीच गोष्ट वाटते.

धान्यकोठार

मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून आधी करून ठेवण्याबद्दल थोडी काळजी नोंदवते. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे आणि फ्रिजचे आतले तापमान ५ अंशांच्या खाली असले पाहिजे. सर्वांत जपावे ते भाताला. तांदळातल्या काही जीवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि ते विष सकाळी फोडणी दिल्याने नष्ट होत नाही. फोडणीचा भात जरूर करावा, पण रात्री पसरट ताटात पटकन निववून फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचाच.

ओल्या नारळाचे वाटण दोन दिवसांपुढे ठेवू नये. त्याऐवजी नारळ खवून लहान लहान पुड्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. कांदा आणि सुके खोबरे भाजून केलेले कोरडसर वाटण मात्र चार-पाच दिवस निर्धास्त वापरता येते. आठवड्यात राजमा करणार असाल तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात.

तुळशीवृंदावन

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवस करून पाहिल्यावरच लिहायचे, असे ठरवले होते. तक्ता पुन्हा लावला आहे, पण आता त्यात दोनच रकाने आहेत: ‘आज रात्री करायचे काम’ आणि ‘उद्याची भाजी’. पहिला रकाना थोरली मुलगी वाचते आणि मटकी, चवळी भिजवण्याचे काम तिने आपणहून घेतले आहे. मेथी सोमवारी संपते. सासूबाई दुपारी दूरदर्शन बघताना भाजी निवडून पंचात बांधून ठेवतात. गवारीच्या शिरा त्या माझ्यापेक्षा कितीतरी नीट काढतात. यजमानांची सकाळची पाळी असलेल्या आठवड्यात दहा पोळ्या बाहेरून आणल्या आणि मी साडेपाचपर्यंत झोपले.

एकच अडचण उरली आहे. सासूबाईंना कडव्या वालांचे बिरडे फार आवडते, पण सोलण्याचा वेळ कुठे बसवावा ते कळत नाही.

माजघर

वाल शुक्रवारी सकाळी भिजवा, रात्री उपसून बांधा. शनिवारी दिवसभरात मोड येतील. रविवारी सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवले की चिमटीत दाबताच डाळिंबी सालातून निसटते. सगळ्यांनी मिळून सोलायला बसा, पाऊण तासात अर्धा किलो होतात. एका दिवसापुरत्या बाहेर ठेवून बाकीच्या कोरड्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी त्या न वितळवता थेट फोडणीत टाकता येतात. बिरड्यात आमसूल आणि गूळ घालताना डाळिंब्या आधी शिजल्या आहेत ना, ते बघा, कारण आंबट आधी पडले तर त्या कितीही वेळ ठेवल्या तरी नीट शिजत नाहीत.