मिशन ट्रिपवरून आले आणि घरी आईशीच भांडले, काय करू?

सदाफुली_पुणे
सलाम सगळ्यांना, जरा लांब लिहिणारे, वैतागू नका.

मे महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाचे १४ जण धडगावकडे गेलो होतो, नंदुरबार जिल्हा, सातपुडा. आठ दिवस. शहाद्यापर्यंत एसटी आणि पुढे घाटातून जीप, अर्धे जण उलट्या करतच पोचले. काम म्हणजे सुट्टीत रिकामं असलेलं एक वसतिगृह रंगवायचं, पाड्यावरच्या पोरांचे खेळ घ्यायचे आणि संध्याकाळी गाणी. (रंग भिंतीपेक्षा फरशीलाच जास्त लागला, ते जाऊ दे.)

पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. तिकडे तेव्हा आमचूरचा सीझन असतो, घरोघरी बायका सकाळपासून कैऱ्या सोलतात, फोडी करून उन्हात पसरतात, वाळल्या की व्यापाऱ्याला विकतात. मी आणि मैत्रीण एका पावरा आदिवासी मावशींकडे झोपायचो. घरात खाट एकच, ती आम्हाला आणि मावशी खाली जमिनीवर. आम्ही नको नको म्हणतोय, त्यांना मराठी फारशी येत नाही, आम्हाला पावरी येत नाही, मग त्या नुसत्या हसल्या आणि खाटेवर हात थोपटून "बसा" असं दाखवलं. शेवटच्या दिवशी मी कैऱ्या सोलायला बसले तर अर्ध्या तासात चिकाने बोटं चरचरायला लागली. त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, मोहाच्या बियांचं तेल आणलं आणि एकेक बोट धरून चोळलं.

परत आल्यावर रविवारी उपासनेत साक्ष दिली, म्हणजे सगळ्यांसमोर अनुभव सांगितला, लोक रडले, मीही रडले. घरी आले, जेवले, ताट तिथेच ठेवून मोबाईल घेऊन बसले. आई म्हणाली, "तिकडे चौदा जणांची भांडी घासलीस म्हणे. इथलं ताट कोण उचलणार, पाळकसाहेब?" (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू.) मी भांडले तिच्याशी, खूप.

आणि दुसरं म्हणजे आमच्या बिल्डिंगचे जिने पुसायला एक ताई येतात, तीन वर्षं रोज दिसतात, मला त्यांचं नाव माहीत नाही. सोसायटीने बोर्डावर कागद लावलाय की कामवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही, त्या बादली घेऊन सात मजले चढतात. तो कागद मी रोज बघते आणि लिफ्टने वर जाते.

तिकडचं मन इकडे कसं टिकवायचं? "प्रार्थना कर" सांगू नका, ती चालूच आहे.

मिरजेची_माई
बाळा, आईचं बोलणं मनाला लागलं ना, चांगलं झालं बघ. माझी आज्जी मिरजेला मिशन हॉस्पिटलात आया होती, मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी १८९४ साली सुरू केलं ते. पार कर्नाटकातनं पेशंट यायचे, नातेवाईक बाहेर तीन दगडांची चूल मांडून भात शिजवायचे. घाईत निघालेली माणसं, तांदूळ आणायची पण मीठ आणि काडेपेटी हमखास विसरायची. तर आज्जीच्या पिशवीत कायम मिठाची पुडी आणि दोन काडेपेट्या. ड्युटीवर जाता जाता द्यायची, बोलायची सुद्धा नाही फार. साक्ष वगैरे तिनं आयुष्यात कधी दिली नाही, चारचौघांत तोंडच उघडायचं नाही तिचं.

बायबलात याकोबाच्या पत्रात आहे की, उघड्यानागड्याला नुसतं "ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणून काय उपयोग? आज्जी ते मिठावर भागवायची. तू त्या ताईंना काय कमी पडतंय ते बघ आधी, मन टिकवायचं नंतर बघू.

कट्ट्यावरचा_नास्तिक
मी ख्रिश्चन नाही, देवबिव मानत नाही, तरी बोलतो. १४ जणांचा येण्याजाण्याचा आणि खाण्याचा खर्च डोक्याला ३,५०० धरला तरी ४९,००० झाले. तेवढ्यात स्थानिक पेंटर लावून वसतिगृह दोनदा रंगवून झालं असतं आणि फरशी पण वाचली असती. त्याच जिल्ह्यात चिंचपाड्याला तुमच्याच लोकांचं हॉस्पिटल आहे, तिथले डॉक्टर कॅम्पसवरच राहतात, आठ दिवसांनी बॅग भरत नाहीत. आणि सीझनमध्ये मावशींचा वेळ तुमच्या पाहुणचारात गेला, त्याचं काय? फोटो टाकलेस का त्यांचे? विचारून टाकलेस का?

बाकी तो लिफ्टचा कागद म्हणजे शुद्ध हलकटपणा आहे, त्याला धर्म लागत नाही, जनरल बॉडीत हात वर करायला लागतो.

गासचा_गाववाला
नास्तिकदादा, पैशाचं मान्य. पण ती गेली नसती तर तो कागद तिला दिसलाच नसता, बाकी सगळ्यांना कुठे दिसतोय?

सदाफुली, आमच्याकडे वसईत पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते. ती कशी सुरू झाली माहितीय का, १८३३ साल, पॅरिस, फ्रेडरिक ओझानाम म्हणून वीस वर्षांचा कॉलेजातला पोरगा. वादविवादात पोरांनी टोमणा मारला, तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, आज तुम्ही काय करता? झोंबलं, आणि पाच-सहा मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला लागला. म्हणजे तुझ्या आईसारखाच टोमणा :)

माझे वडील त्यात होते. पद्धत साधी, दोघादोघांनी जायचं, त्याच घरी परत परत जायचं आणि कोणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. आम्हाला घरात सुद्धा कळायचं नाही. फक्त त्या संध्याकाळी ते पायात चांगल्या चपला घालायचे, त्यावरून ओळखायचं. आम्ही विचारलं तर म्हणायचे, पाहुणा म्हणून जातोय, चपला नकोत का धड? मला त्यांचं हे फार आवडायचं, मला जमलेलं नाही.

सदाफुली_पुणे
नास्तिकदादा, फोटो विचारून नव्हता टाकला, आता डिलीट केला. पैशाचं संघात बोलणार आहे, शिव्या खाईन बहुतेक.

काल ताईंना नाव विचारलं तर त्या घाबरल्या, "काय झालं मॅडम, कंप्लेंट आहे का?" तीन वर्षांत कोणी नाव विचारलं की कंप्लेंटच असते म्हणाल्या. चहा विचारला, नको म्हणाल्या, अजून पाच मजले बाकी होते. मग माई, तुमचं मीठ आठवलं आणि सरळच विचारलं, काय अडतं? तर म्हणे वर गच्चीवर नळ आहे, त्याच्या बॉक्सला कुलूप असतं, चावी मिळाली तर खालून बादली चढवायला नको. एवढंच.

ताट उचललं, तर आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

चावी सेक्रेटरीकाकांकडे आहे, ते सात वाजता येतात ऑफिसमधून, आज जाते. लिफ्टचा कागद त्यांनीच लावलाय.

मिरजेची_माई
जा. आवाज चढवू नकोस, पण चावी घेतल्याबिगर उठू पण नकोस.