देव पाण्यात घालून बसलेला मार्च : आपल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाविषयीचे अनुभव

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांना तिथे पोहोचेपर्यंत कल्पनाही नसते, की विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघापायी अख्खे गाव वेडे होऊ शकते. मार्चच्या मध्यावर एका रविवारी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या 68 संघांची यादी जाहीर होते आणि मग तीन आठवडे बाद पद्धतीने सामने चालतात. एकदा हरलात की घरी. कोण जिंकणार याचे ब्रॅकेट, म्हणजे अंदाजाचा तक्ता, भरणे हा तर प्रत्येक कचेरीतला खेळ आहे, त्याविषयी येथे नको. आपण आपल्या संघाकडून नेमकी कसली आशा धरली होती आणि तिचे पुढे काय झाले, ते सविस्तर लिहावे.

पर्ड्यू विद्यापीठ, इंडियाना (सध्या पुणे)

पर्ड्यूच्या माणसाने आशा धरावी की धरू नये, हा आमच्या माजी विद्यार्थ्यांमधला कायमचा वाद आहे. (मानांकन पहिले म्हणजे सर्वांत बलवान, सोळावे म्हणजे सर्वांत दुबळे.) 2021 मध्ये तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससने, 2022 मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने आणि 2023 मध्ये तर सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने आम्हाला घरी पाठवले. तो तिसरा सामना मी पुण्यात शनिवारी पहाटे चारला उठून पाहिला. आमचा झॅक ईडी 7 फूट 4 इंचांचा आणि समोर देशातल्या पहिल्या श्रेणीच्या संघांतला सर्वांत बुटका संघ. परंतु ती मुले ईडीला पुढून-मागून अशी वेढून उभी राहत, की चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचणेच मुश्कील होई, आणि बाहेरून केलेल्या तीन गुणांच्या 26 फेकींपैकी आमच्या अवघ्या 5 पडल्या. 63-58 असे हरलो.

त्यामुळे 2024 मध्ये माझी आशा विजेतेपदाची नव्हतीच. 1980 नंतर एकदा तरी शेवटच्या चारांत जावे, एवढेच मागणे होते. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीने 40 गुण काढले, आम्ही 72-66 असे जिंकलो, आणि प्रशिक्षक मॅट पेंटर विजेत्यांच्या प्रथेप्रमाणे बास्केटची जाळी कापायला शिडीवर चढले तेव्हा मी भरून पावलो. पण आशेला हाव सुटते. अंतिम सामना भारतीय वेळेनुसार 9 एप्रिलला सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे नेमका गुढीपाडव्याच्या दिवशी आला. तिकडे त्याच सोमवारी दुपारी इंडियानावरून खग्रास सूर्यग्रहण सरकले होते, आणि ग्रहण सुटून साडेतीन मुहूर्तांपैकी एक लागतो आहे या हिशेबाने आईने निकाल परस्पर आमच्या बाजूने लावून टाकला होता. मी एका हाताने गुढीला गाठी बांधत होतो आणि मान टीव्हीकडे होती. कनेटिकटने आम्हाला 75-60 असे हरवले. त्या 60 पैकी 37 गुण ईडीचे, बाकी सगळ्यांचे मिळून 23. नंतर कडुलिंबाची चटणी वाढताना आई माझ्या पानापाशी थांबली आणि म्हणाली, "तुझी झाली आहे खाऊन."

यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी)

वरील अनुभवातल्या सोळाव्या मानांकनाची दुसरी बाजू सांगतो. आमचे विद्यापीठ तोवर खेळांत ओळखले जाई ते बुद्धिबळासाठी. 2018 मध्ये आमची गाठ अव्वल मानांकित व्हर्जिनियाशी पडली. पुरुषांच्या स्पर्धेत तोपर्यंत सोळाव्या मानांकनाचे संघ अव्वल मानांकितांशी 135 वेळा खेळले होते आणि 135 वेळा हरले होते. वीस गुणांच्या आत हरावे, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. मध्यंतराला 21-21 अशी बरोबरी होती. अखेर 74-54, म्हणजे फरक बरोबर वीसचाच पडला, फक्त उलट्या बाजूने.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट, रॅले

2024 च्या मार्चमध्ये आमच्या खात्यावर 17 विजय आणि 14 पराभव होते, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत जायचे तर आधी आमच्या विद्यापीठगटाची, म्हणजे एसीसीची (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) स्पर्धा जिंकणे भाग होते आणि त्यासाठी पाच दिवसांत पाच सामने जिंकावे लागणार होते. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि वेळ संपत आली होती. त्यांच्या खेळाडूची फ्री थ्रो (नियमभंगाबद्दल मिळणारी मोकळी फेक) हुकली, आमच्या मायकल ओकॉनेलने धावत जाऊन लांबून चेंडू फेकला आणि तो फळीवर आपटून, रिंगणावर घुटमळून आत पडला. रॅलेजवळच्या केरी गावातल्या आमच्या घरी वरणभाताचा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि तो बंद करायला कोणी उठेना. जादा वेळेत जिंकलो, पाचही सामने जिंकलो, पुढे ड्यूकला 76-64 असे नमवून शेवटच्या चारांत गेलो. डीजे बर्न्ससारखा भारदस्त देहाचा, डावखुरा आणि सदा हसतमुख खेळाडू त्या सामन्यात 29 गुण करतो, हे पाहून 1983 च्या विजेतेपदाच्या गोष्टी सांगणारे आमचे वयस्क शेजारी प्रथमच गप्प बसले. पर्ड्यूने आम्हाला उपांत्य फेरीत हरवले, त्याचा राग नाही. (थोडा आहे.)

आयोवा सिटी, मुलीकडे मुक्कामी असताना

मी स्वतः साताऱ्यात शाळेकडून खो-खो खेळले आहे, परंतु मुलींच्या सामन्यासाठी सगळा गाव दारे लावून टीव्हीसमोर बसलेला मी प्रथम 2024 मध्ये आयोवात पाहिला. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने अंतिम सामन्याच्या पहिल्याच चतुर्थांशात 18 गुण केले, तेव्हा मी लेकीला म्हटले, की आता ही पोर दमू नये, एवढेच माग. साउथ कॅरोलिनाने 87-75 असे हरवले. त्या वर्षी महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, हे मात्र मी येथे मुद्दाम नोंदवते.

ह्यूस्टन

रॅलेकरांनी 1983 ची आठवण काढलीच आहे, तर सांगतो, की तेव्हा 54-52 असे हरलेले आम्हीच. अकीम ओलाजुवॉन संघात असूनही हरलो आणि आजवर एकही विजेतेपद नाही. 2025 मध्ये उपांत्य सामन्यात ड्यूकविरुद्ध अखेरच्या अर्ध्या मिनिटाच्या सुमारास सहा गुणांनी मागे असूनही आम्ही 70-67 असे जिंकलो आणि माझा विवेक सुटला. अंतिम सामना सॅन अँटोनियोला, म्हणजे मोटारीने तीन तासांवर होता. फ्लोरिडावर बारा गुणांची आघाडी घेऊन ती आम्ही गमावली, आणि 65-63 असे मागे असताना शेवटचा चेंडू आमच्याकडे होता. इमॅन्युएल शार्पने फेकीसाठी उडी घेतली, फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन अंगावर धावून आला, म्हणून शार्पने चेंडू खाली सोडला. तो त्याने स्वतः पुन्हा उचलला असता तर नियमभंग झाला असता. त्यामुळे तो समोर टप्पे खात राहिला, शार्प पाहत राहिला आणि फ्लोरिडाच्या मुलाने त्यावर झेप घेतली. आमचे प्रशिक्षक केल्व्हिन सॅम्पसन यांच्या संघाकडून मी यापुढे विजेतेपद वगैरे मागणार नाही. शेवटचा चेंडू रिंगणाच्या दिशेने फेकला तरी जावा.