'डायरेक्ट' विमान थेट असतं का?

वेलांटी:
विमान तिकिटांविषयीच्या मदतीच्या मजकुराचं मराठीकरण चालू आहे. 'डायरेक्ट फ्लाइट'ला 'थेट विमान' लिहिलं, तर तपासणारे म्हणतात, थेट म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. पण या धंद्यात 'डायरेक्ट' वाटेत उतरू शकतं, फक्त उड्डाणाचा क्रमांक तोच राहतो. न उतरणारं ते 'नॉनस्टॉप'. दोन्हींना काय म्हणाल?

अर्धविराम:
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. 'तो थेट घरी गेला' म्हटल्यावर वाटेत तासभर टेकला असं कोण समजेल? 'नॉनस्टॉप'ला तर 'विनाथांबा' आहेच, बसच्या पाट्यांनी कधीच रुळवलाय.

काथ्याकूट:
म्हणूनच 'डायरेक्ट'ला थेट नको. कधीकधी क्रमांक एकच ठेवून मधल्या विमानतळावर चक्क विमान बदलायला लावतात! ही शुद्ध धूळफेक. 'एकक्रमांकी उड्डाण' म्हणा.

अर्धविराम:
लोकांना वाटेल, एक नंबरचं विमान. :)

पाऊलखुणा:
थेट काय नि विनाथांबा काय, गोंधळ होतो तो 'लेओव्हर' आणि 'स्टॉपओव्हर'मध्ये. आंतरराष्ट्रीय तिकिटात वाटेतल्या विमानतळावर पुढच्या उड्डाणापर्यंतचा वेळ साधारणपणे २४ तासांच्या आतला असेल तर तो लेओव्हर, त्याहून जास्त तो स्टॉपओव्हर. मी 'थांबा' आणि 'मुक्काम' वापरते. पण मावसबहीण रात्रभर हॉटेलात झोपून सकाळी पुढे गेली. तिच्या लेखी तो मुक्काम, तिकिटाच्या लेखी थांबा. तिला कसं पटवायचं?

शुद्धमती:
'मुक्काम' अरबीतून आलाय. 'पडाव' का नको?

काथ्याकूट:
पडाव या अर्थाने हिंदीची उसनवारी. कोकणात पडाव म्हणजे होडी. विमानाच्या तिकिटावर होडी कशाला? आणि मुक्काम परका असेल तर 'मुक्काम पोस्ट' लिहिणं सोडा आधी.

पाऊलखुणा:
'कनेक्टिंग'चंही बघा. 'जोडउड्डाण' सरसकट लिहू नका. एकाच तिकिटावर जोडलेली उड्डाणं असली आणि पहिल्याला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर सहसा कंपनीच पुढची सोय करते. दोन वेगळी तिकिटं स्वतः जुळवली असतील तर दुसरं बहुधा बुडालं म्हणून समजा, शिवाय सामानही बऱ्याचदा मध्ये उचलून पुन्हा द्यावं लागतं. त्याला 'जोड' म्हटलं की वाचणारा गाफील राहतो.

वेलांटी:
हे लक्षात घेते. आणि 'ओपन जॉ'? एका शहरात उतरायचं आणि परतीचं विमान दुसऱ्याच शहरातून. मधला प्रवास आपला आपण.

अर्धविराम:
'उघडा जबडा'. नकाशावर रेघा ओढल्या की तसाच दिसतो.

शुद्धमती:
प्रवासी घाबरेल! 'भिन्नस्थानी परतप्रवास' सुचवते.

काथ्याकूट:
त्यापेक्षा जबडा परवडला. 'जाणं एका गावी, येणं दुसऱ्या गावाहून' असं सरळ सांगितलं तर काय बिघडतं? प्रत्येक गोष्टीला नाम हवंच असतं का?

शुद्धमती:
हवंच. तक्त्याच्या चौकटीत अख्खं वाक्य बसत नाही. आणि 'प्रवासी' तरी कशाला, 'उतारू' हा आपला किती नेमका शब्द होता.

अर्धविराम:
जो अजून चढलाच नाही तो उतारू कसा?

शुद्धमती:
उतरायचं आहे म्हणूनच चढतो ना!

काथ्याकूट:
मग विनाथांबा विमानातला उतारू आणि मधे विमान बदलणारा चढउतारू.