पाजळणे, परजणे, शेवटणे आणि ग्राइंडरपुढची ती फळी

नमस्कार मंडळी,

घरच्या बेंच ग्राइंडरवर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या धारेच्या दगडावर, सुऱ्यांना धार लावता यावी म्हणून मी एक साधन केलं आहे. १८ मिमी प्लायवूडचे दोन तुकडे, त्यांना जोडणारी बिजागरी, बाजूला खाच पाडलेली लोखंडी पट्टी आणि ती आवळायला विंग नट. वरच्या तुकड्यावर पत्रा ठोकलाय, कारण ठिणग्या थेट लाकडावर पडलेल्या बऱ्या नव्हेत, शिवाय पत्र्यावरून पातं छान सरकतं. वरची फळी हवी तितकी कलती करायची, नट आवळायचा, सुरी फळीवर सपाट टेकवायची आणि मुठीकडून टोकाकडे एका दमात सरकवत न्यायची. कोन फळी सांभाळते, हाताने फक्त सुरी सरकवायची.

साधन झालं. पुतण्याने त्याची कृती लिहून मागितली आणि तिथे मी अडलो. जिग, प्लॅटफॉर्म, अँगल, बेव्हल, बर. एकेका ओळीत तीन-तीन इंग्रजी शब्द. हे शब्द कारखान्यात रुळलेले आहेत हे मान्य, पण धार लावणं ही काही कारखान्याने आपल्याला शिकवलेली गोष्ट नाही. आमची आजी 'विळी पाजवून आण' म्हणायची. वर्तमानपत्रात निवडणुका आल्या की सगळे 'तलवारी परजतात'. पाजवणे, पाजळणे, परजणे हे सगळं एकच का? आणि त्या फळीला काय म्हणावं?

प्रतिसाद

एकच नाही, आणि हा घोळ दूर व्हायला हवा.

'पाजळणे' संस्कृत 'प्रज्वलन'पासून आलं आहे. त्याचा पहिला अर्थ पेटवणे, उजळणे. दिवा पाजळतात, पलिते पाजळतात. तोच शब्द शस्त्राला लागला, कारण धार लागलेलं पातं उजेडात चमकतं. गंजाची काळी कड जाऊन चकचकीत रेघ उमटते, तो उजेडच आहे. आज दुर्दैवाने हा शब्द 'अक्कल पाजळणे' एवढ्यापुरता उरलाय आणि तोही टोमणा म्हणून. तुमच्या आजींचं 'पाजवणे' मात्र नुसतं धार लावण्यासाठी, त्याला दिव्याचा अर्थ नाही.

'परजणे'चा धारेशी थेट संबंध नाही. 'परज' म्हणजे तलवारीची मूठ. तलवार परजणे म्हणजे ती मुठीत धरून वार करायला सज्ज करणे, फिरवून पाहणे. बोथट तलवारही परजता येते! तेव्हा 'सुरी परजून आणली' असं लिहू नका, वाचणारा घाबरेल.

आणखी एक. 'धार काढणे' म्हणजे गाई-म्हशीचं दूध काढणे. सुरीला धार लावतात किंवा करतात. शहरी लिखाणात हल्ली 'चाकूची धार काढली' दिसतं, ते मला खटकतं.

प्रतिसाद

आम्ही ऊसवाले. आमच्याकडे कोयता आणि कुऱ्हाड 'शेवटून' आणतात. शेवटणे हे क्रियापद इथे कुणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. धार लावणं वेगळं आणि शेवटणं वेगळं. पातं झिजून जाड झालं की नुसतं दगडावर घासून भागत नाही. लोहार ते भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून कड पातळ ओढतो आणि पुन्हा पाणी देतो. ते झालं शेवटणं. फाळही असाच शेवटतात. माझे वडील हंगाम तोंडावर आला की सगळी अवजारं गोणपाटात गुंडाळून लोहाराकडे न्यायचे. मधल्या दिवसांत शेताच्या बांधावरच दगडावर चार हात मारायचे, ते मात्र 'धार लावणे'.

त्या दगडाला 'निसणा' म्हणतात. कानस म्हणजे लोखंडी दातांची, तिची गल्लत नको.

प्रतिसाद

निसण्याबद्दल भर घालते. संस्कृतात 'निशान' म्हणजे धार लावणे आणि 'निशित' म्हणजे धारदार. निसणा त्याच कुळातला. संस्कृत 'शाण' म्हणजे धारेचा दगड, त्याचीच आपली 'सहाण' झाली. मराठीत ती देवघरात गेली आणि चंदन उगाळू लागली. हिंदीत 'सान' अजून धारेचाच दगड आहे. मला हे फार सुंदर वाटतं: एका शब्दाचे दोन दगड, एकावर लोखंड झिजतं, एकावर चंदन.

शिवाय 'शिकलगार'ही विसरू नये. मूळ अरबी शब्द झिलईचा, त्याला फारसी 'गर' लागला. शस्त्रांना झिलई आणि धार देणारा तो शिकलगार. आज आपल्याला ते आडनाव म्हणून जास्त माहीत आहे.

प्रतिसाद

तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं बनवायच्या विभागात, काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली: तुमचं साधन मुळात जिग नाही. जिग हत्याराला वाट दाखवते. उदाहरणार्थ, ड्रिल नेमकं जिथे उतरायला हवं तिथेच उतरवणारी भोकांची पट्टी. फिक्श्चर ज्याच्यावर काम करायचं ती वस्तू घट्ट धरून ठेवतं. तुमची फळी दोन्ही करत नाही, ती पात्याला फक्त टेकू देते. कारखान्यात तिला 'रेस्ट' म्हणतात. म्हणजे 'जिग'ला मराठी शब्द शोधण्यापेक्षा 'रेस्ट'ला शोधा, आणि तो आपल्याकडे आहे: टेकण. फळी आणि दगड यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका. त्यात पातं अडकलं तर हातातून हिसकावलं जातं. दगड झिजत जाईल तशी फळी पुढे घ्यायची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वर ऊसवाल्या भाऊंनी 'पाणी देणे' लिहिलंय, त्या शब्दाकडे नीट बघा. तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून त्याला कडकपणा देतात, ते पाणी. पाणीदार तलवार, पाणीदार माणूस, सगळे तिथूनच. आणि ते पाणी 'उतरतं'ही. १५० मिमीचा दगड मिनिटाला २८०० फेरे घेतो तेव्हा त्याची कड सेकंदाला २२ मीटर धावते. त्यावर पातळ पातं दाबून धरलं की आधी कड तापते, पिवळसर होते, मग जांभळी, आणि सुमारे ३०० अंशांना निळी. निळी झाली की त्या जागेचं पाणी उतरलं. नंतर कितीही धार लावा, दोन कांदे चिरले की बसली. इंग्रजीत याला जो शब्द आहे तो शिकाऊ मुलांना समजवायला मला दहा मिनिटं लागायची. 'पाणी उतरेल रे' म्हटलं की मुलगा लगेच हात मागे घ्यायचा.

मूळ लेखक

सर, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून ओट्यावरची सुरी आणली. टोकाजवळ साधारण नखाएवढा निळा डाग आहे. पहिल्याच रविवारचा. मी तो बुरशी-गंज समजत होतो आणि तिथलीच धार टिकत का नाही याचं कोडं मला पडलं होतं. आता तेवढा भाग पार झिजवूनच काढावा लागेल, पण निदान काय झालं ते कळलं. शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं आहे. एकदा सरकवली की बुडवायची, बोटाला कोमट लागली तरी बुडवायची.

'टेकण' पटला. पण मला दुसराही एक सुचतोय: पाट. विळीच्या पाटावर पातं घट्ट बसतं, त्याचा कोन आपल्याला धरावा लागत नाही, दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. इथेही तेच होतं. पाट कलता करणं, पाट दगडाजवळ घेणं, हे शब्द तोंडात सहज बसतात. 'टेकण कलतं करणं' मला जरा जड जातं.

बेव्हलला, म्हणजे पात्याच्या धारेकडे उतरत्या घासलेल्या पट्टीला, 'ढाळ' म्हणतोय. 'बर' अजून अडकलाय. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला नखाला लागते ती बारीक खरखरीत कड.

प्रतिसाद

आमच्याकडे त्याला नाम नाही, क्रियापद आहे. 'धार उलटली' म्हणतात. उलटली की समजायचं या बाजूचं काम झालं, पातं फिरवायचं. शेवटी चामड्यावर नाहीतर जाड कापडावर ओढून ती मोडायची.

पाट चांगला आहे. घरातला शब्द आहे.

मूळ लेखक

'धार उलटणे' घेतलं. पुतण्याला आता हे पाठवतोय, कुठे अडखळायला होतं ते सांगा:

"ढाळावर काळ्या मार्करने रेघ ओढ. मोटर बंद ठेवून पातं पाटावर टेकव आणि दगड हाताने एकदा फिरव. काळं फक्त धारेपाशी गेलं तर पातं दगडाला जास्त उभं लागतंय, फक्त वरच्या बाजूला गेलं तर जास्त आडवं; त्याप्रमाणे पाटाचा कल बदल. सगळीकडून सारखं गेलं की नट आवळ. स्वयंपाकघरातल्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश पुरतात. डोळ्यांना गॉगल लाव. मग मोटर चालू कर, पातं मुठीकडून टोकाकडे ने, कुठेही थांबू नकोस, दाबू नकोस. प्रत्येक खेपेला पाण्यात बुडव, नाहीतर पाणी उतरेल. धार उलटली की बाजू बदल. पात्याची कड जाड झाली असेल तर ग्राइंडरवर वेळ घालवू नकोस, लोहाराकडून शेवटून आण."

प्रतिसाद

एकच बदल. 'पाण्यात बुडव, नाहीतर पाणी उतरेल' यात दोन पाणी आले. मुलगा गोंधळेल. 'प्रत्येक खेपेला गार कर, नाहीतर पात्याचं पाणी उतरेल' असं करा.